खो-खोची लीग आली. मराठवाड्याच्या मुलींचे काय?

नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये १९ जानेवारी २०२५ रोजी पहिल्या खो-खो विश्वचषकाची सांगता झाली आणि दोन्ही चषक भारताकडे राहिले. महिलांनी नेपाळला ७८-४० असे, तर पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ असे हरविले. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते. पुरुषांचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची. तिच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. जायकवाडीचे पाणी, रखडलेली रेल्वे आणि कापसाचा भाव यांखेरीज अन्य कारणासाठी मराठवाड्याचे नाव दिल्लीत क्वचितच घेतले जाते. त्या आठवड्यात ते एका खेळासाठी घेतले गेले.

या विजयाला जोडून एक शब्द वारंवार वापरण्यात आला, तो म्हणजे ‘व्यावसायिक’. शाळेच्या मैदानावरचा, दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळवून देणारा हा खेळ आता व्यावसायिक झाला, असे सांगितले गेले. फ्रँचायझी, प्रायोजक, दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण, मॅट, रंगीत गणवेश हे सारे आले, यात शंका नाही. तथापि एखादा खेळ व्यावसायिक होणे याचा साधा अर्थ, तो खेळून खेळाडूला नियमित उत्पन्न मिळणे, असा असतो. ही कसोटी लावली तर चित्र बरेच बदलते. मराठवाड्यापुरते बोलायचे तर ते जवळजवळ उलटे होते, कारण या विभागाने अलीकडच्या काळात खो-खोला दिलेली सर्वात ठळक नावे मुलींची आहेत आणि लीगच्या पहिल्या दोन्ही मोसमांत महिलांचा एकही संघ नव्हता.

विकण्याजोगे काही नसलेला खेळ

खो-खोची नियमबद्ध घडण महाराष्ट्रात झाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास पहिले नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्यात भर घातली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३० च्या दशकात नियमांना एकसूत्र रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीत देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्याचा अभिमान आजही बाळगला जातो. भारतीय खो-खो महासंघ १९५० च्या दशकाच्या मध्यास स्थापन झाला आणि १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. म्हणजे संघटित खेळ म्हणून खो-खोचे वय शंभरीच्या पुढचे आहे. जे नवे आहे ते त्याचे बाजारात येणे.

ते इतके उशिरा का आले, याचे एक कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. दोन खांब, चुन्याने आखलेले मैदान आणि बऱ्यापैकी मऊ माती एवढ्यावर खो-खो होतो. बॅट नाही, चेंडू नाही, जाळे नाही, पूर्वी तर पायात बूटही नसत. गरिबाच्या शाळेला हा खेळ परवडला तो याच कारणाने. परंतु ज्या खेळात विकत घेण्यासारखे काही नसते, त्याभोवती दुकान उभे राहत नाही. दुकान नाही म्हणून उत्पादक नाही आणि उत्पादक नाही म्हणून प्रायोजकही नाही. क्रिकेट, टेनिस वा बॅडमिंटनच्या साहित्याच्या कंपन्यांनी त्या त्या खेळांत जे पैसे ओतले, तसे ओतणारा खो-खोच्या वाट्याला कोणी नव्हता.

अमेरिकेतील एका उदाहरणाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे परसदारी, सहलीच्या ठिकाणी, बिअरच्या पेल्यासोबत खेळला जाणारा ‘कॉर्नहोल’ नावाचा खेळ आहे. चार फूट लांब व दोन फूट रुंद अशी तिरकी लाकडी फळी, तिच्यात सहा इंचांचे भोक आणि सत्तावीस फुटांवरून त्यात टाकायची छोटी पिशवी, इतकाच त्याचा व्याप. पिशवी फळीवर राहिली तर एक गुण, भोकात गेली तर तीन. जत्रेतल्या रिंगफेकीहून तो फार वेगळा नाही. तरीही २०१५ मध्ये स्टेसी मूर नावाच्या उद्योजकाने अमेरिकन कॉर्नहोल लीग स्थापन केली आणि काही वर्षांतच हा खेळ ईएसपीएन वाहिनीवर दिसू लागला. क्रमवारी आली, व्यावसायिक खेळाडूंची स्वतंत्र यादी आली, पिशव्यांना प्रमाणपत्रे देण्याची पद्धत आली. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या पिशव्या नियमात बसत नाहीत, अशी तक्रार झाली. तपासणीत दोन्ही बाजूंच्या पिशव्या नियमबाह्य निघाल्या आणि वृत्तपत्रांना काही दिवस विनोदाला विषय मिळाला. विनोद बाजूला ठेवला तरी पिशवीच्या जाडीवरून वाद व्हावा इतके त्या खेळात काही पणाला लागले होते, हे खरेच.

या खेळाने वर चढताना पायरी कोणती धरली, हे पाहण्यासारखे आहे. गावोगावच्या क्लबांत आणि मद्यगृहांत आठवड्याला होणाऱ्या स्पर्धा, त्यांत पदरचे प्रवेशशुल्क भरून उतरणारे हौशी लोक आणि फळ्या-पिशव्यांची विक्री, या पायावर वरची लीग उभी राहिली. तेथेही बहुतेक खेळाडू आपली नोकरी सांभाळूनच खेळतात. मात्र दूरचित्रवाणीने उद्या पाठ फिरवली, तरी खालचा हौशी खेळ आपल्या पैशावर चालू राहील, अशी ती रचना आहे. खो-खोत हे उलट्या बाजूने घडले. येथे कळस आधी चढविला गेला.

दोन मोसम आणि मधली पोकळी

‘अल्टिमेट खो खो’ या लीगची घोषणा २०१९ मध्ये झाली. डाबर उद्योगसमूहातील अमित बर्मन हे तिचे प्रवर्तक आणि भारतीय खो-खो महासंघ तिचा सहयोगी. करोनाच्या साथीमुळे प्रारंभ लांबला आणि पहिला मोसम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात झाला. ओडिशा, गुजरात, चेन्नई, मुंबई, राजस्थान आणि तेलुगू योद्धाज असे सहा संघ होते. मालकांत अदानी, जीएमआर, कॅप्री ग्लोबल अशी वजनदार नावे होती आणि ओडिशाच्या संघामागे त्या राज्याचे सरकारच उभे होते. अंतिम सामना ओडिशाने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा एका गुणाने जिंकला. नव्या लीगला याहून चांगला शेवट मागूनही मिळाला नसता.

खेळातही बरेच फेरफार करण्यात आले. डाव आखूड झाले. परंपरागत खो-खोत एक गडी बाद केला की एक गुण मिळे. लीगमध्ये दोन, आणि हवेत सूर मारून बाद केला तर तीन गुण ठरले. आक्रमकाने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती बदलायची नाही, हा खो-खोचा कणा मानला गेलेला नियम. त्यातून ‘वजीर’ नावाच्या एका खेळाडूला मोकळीक देण्यात आली. संरक्षकांची तुकडी ठरावीक वेळ टिकली तर त्यांनाही गुण मिळू लागले. जुन्या जाणत्यांपैकी काहींना हे रुचले नाही. साखळी धरून खेळणे, एकेक गडी चार-चार मिनिटे पळविणे, हुलकावणीने आक्रमकाला खांबाबाहेर काढणे, या कौशल्याला या घाईत किंमत उरणार नाही, अशी त्यांची धास्ती. ती पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही. परंतु संरक्षणाला गुण देण्याची कल्पना मात्र खेळाच्या मूळ प्रकृतीला धरूनच आहे. चांगला पळणारा हा खो-खोचा खरा नायक. नव्या गुणफलकाने त्याला निदान नोंदीत तरी जागा दिली. वर्तमानपत्रांत ‘अमुक याने तीन मिनिटे दहा सेकंद पळती केली’ असे छापून येई, त्याचीच ही दूरचित्रवाणीवरील आवृत्ती होय.

पैशाचे गणित पाहावे. पहिल्या मोसमात सर्वात वरच्या श्रेणीतील खेळाडूला पाच लाख आणि सर्वात खालच्या श्रेणीतील खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. विजेत्या संघाला एक कोटीचे पारितोषिक होते. तीन आठवड्यांच्या खेळासाठी एक लाख ही रक्कम सातारा, सांगली वा धाराशिवच्या मुलाला लहान वाटणार नाही. पण ती दरवर्षी मिळेल काय? पहिला मोसम सप्टेंबर २०२२ मध्ये संपला. दुसरा सुरू व्हायला २०२३ चा २४ डिसेंबर उजाडला. कटकला झालेला तो मोसम १३ जानेवारी २०२४ ला गुजरातच्या विजयाने संपला आणि २०२४ चे उरलेले संपूर्ण वर्ष पुन्हा लीगविना गेले. ज्या उत्पन्नाची तारीख सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर कोणी घर चालवीत नाही. अशा उत्पन्नाला बक्षीस म्हणता येईल. व्यवसाय म्हणता येणार नाही.

कबड्डीशी तुलना येथे अपरिहार्य आहे. प्रो कबड्डी लीग जुलै २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेशकुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०१८ मध्ये मोनू गोयतने दीड कोटीचा टप्पा ओलांडला आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले गेले. करोनाची खंडित वर्षे सोडली तर लीग नेमाने होत गेली, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. तिच्यापाठी प्रक्षेपण करणारी वाहिनीच भागधारक म्हणून उभी होती. मात्र त्या कथेला महाराष्ट्रापुरती एक खोच आहे. ज्या राज्याने कबड्डीला नियम, संघटना आणि लालबाग-परळच्या गल्ल्यांतून पिढ्यान्पिढ्या खेळाडू दिले, त्याच्या हातून लिलावाचा वरचा भाग निसटून हरियाणाकडे गेला. मातीवरच्या जुन्या खेळातून मॅटवरच्या ताकदीच्या खेळाकडे जाताना तेथल्या आखाड्यांनी आणि खेडेगावांतील अकादमींनी जी तयारी केली, ती येथे झाली नाही. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राचा दबदबा आहे. कबड्डीतही एके काळी तसाच होता.

धाराशिवची वाट

आता मुलींकडे वळावे लागेल. धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक मिळविले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोला तो १९९८ नंतर प्रथमच, म्हणजे तब्बल बावीस वर्षांनी मिळत होता. त्या वेळी त्यांनी वृत्तसंस्थेला जे सांगितले ते विसरता येण्याजोगे नाही. जवळपास दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळे. मैदानावर पाठविताना घरच्यांकडे द्यायला काही नसे. २०१६ च्या आसपास घरच्या ओढगस्तीमुळे खेळ सोडण्याचा विचार पक्का होत आला असताना प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांना परत मैदानावर आणले.

धाराशिव हा मोठ्या उद्योगांचा जिल्हा नाही. तेथे पंचतारांकित औद्योगिक वसाहत नाही, भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र नाही, विमानतळावरून उतरणारे प्रायोजक नाहीत. तरीही तेथून एकामागून एक मुली राष्ट्रीय संघात गेल्या, याचे कारण शोधायला फार खोल जाण्याची गरज नाही. एक नेमाने उघडणारे मैदान, वर्षानुवर्षे न बदलणारा प्रशिक्षक आणि पुढच्या तुकडीला मागची तुकडी शिकवील अशी परंपरा, एवढेच ते आहे. ज्या घरात मुलीच्या लग्नाचा विचार सोळाव्या वर्षी सुरू होतो, त्या घराला ‘आणखी दोन वर्षे थांबा’ असे पटवून देणारा कोणीतरी विश्वासाचा माणूस लागतो. हे काम कोणत्याही फ्रँचायझीच्या करारात लिहिलेले नसते.

प्रियांका इंगळेची वाट वेगळी. तिचे मूळ गाव बीड जिल्ह्यातले. खेळ घडला तो पुणे-पिंपरी चिंचवड परिसरात, कुटुंब तिकडे स्थलांतरित झाल्यामुळे. बीडने तिचा सत्कार केला, तो योग्यच. परंतु तिचे कुटुंब केज तालुक्यातच राहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या सत्काराच्या व्यासपीठावर कोणी विचारला असता तर बरे झाले असते. ऊसतोडीसाठी दरवर्षी लाखो हात बाहेर पाठविणाऱ्या या जिल्ह्यात शाळेच्या हजेरीपटावरील मुली दिवाळीनंतर कोठे असतात, हे शिक्षकांना ठाऊक असते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धांचा हंगाम आणि तोडीचा हंगाम यांची गाठ पडते ती तेथेच.

या मुलींपुढे ‘व्यावसायिक’ खो-खोचे दार उघडे नव्हते. लीगचे पहिले दोन्ही मोसम पुरुषांचे झाले. महिला संघाने विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात पुरुषांहून मोठ्या फरकाने जिंकला, आणि तरीही त्यांच्या खेळाला बाजारभाव कोणता, हे सांगणारा एकही लिलाव वा करार तेव्हा अस्तित्वात नव्हता. प्रेक्षक येणार नाहीत, हे नेहमीचे उत्तर. ते महिला क्रिकेटबद्दलही दिले जात असे; २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाल्यावर ते देणारे गप्प झाले. दिल्लीत विश्वचषकाचे पुरुष व महिलांचे सामने एकाच मॅटवर खेळविता आले, तर लीगमध्ये तसे करण्यात अडचण काय, याचा खुलासा महासंघाने करायला हवा.

सव्वादोन कोटी आणि साडेएकवीस कोटी

बाजाराने न दिलेले सरकारने दिले, हे मान्य केले पाहिजे. विश्वविजेत्या संघांतील महाराष्ट्राच्या खेळाडूंना राज्य सरकारने प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. शासकीय नोकरीचे आश्वासनही दिले. या रकमेचे मोल शेजारच्या राज्यात काय घडले ते पाहिल्यावर ध्यानात येते. कर्नाटक सरकारने आपल्या दोन विजेत्यांना, एम. के. गौतम आणि चैत्रा बी. यांना, प्रत्येकी पाच लाख जाहीर केले आणि दोघांनीही महाराष्ट्राकडे बोट दाखवून ते नाकारले. सीमेच्या एका बाजूला पाच लाख, दुसऱ्या बाजूला सव्वादोन कोटी. संघ एक, विजय एक. महाराष्ट्राने येथे दाखविलेली उदारता निःसंशय स्वागतार्ह आहे.

तरीही पारितोषिक हे शिखरावर पोहोचलेल्या मोजक्यांना मिळते. त्यांच्या खाली राज्य संघाच्या दाराशी थांबलेले शेकडो आहेत. त्यांच्यासाठी खरा आधार राहिला आहे तो शासकीय सेवेतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा, रेल्वेचा, विमानतळ प्राधिकरणासारख्या सार्वजनिक संस्थांचा. गेली कित्येक दशके खो-खोपटूचा व्यवसाय म्हणजे हीच नोकरी. लीग आल्यानेही त्यात फरक पडलेला नाही. या आरक्षणाला बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची कीड लागली. मैदान न पाहिलेल्यांनी नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा सर्वाधिक नुकसान झाले ते अशा खऱ्या खेळाडूंचे. प्रमाणपत्राची पडताळणी कडक झाली आणि तिच्या फेऱ्यांत निष्पापही अडकले.

या सगळ्यात मराठवाड्याची राजधानी म्हणविणारे छत्रपती संभाजीनगर कोठे आहे? शहराकडे साधनांची वानवा नाही. वाळूज आणि शेंद्र्याचे उद्योग आहेत, विद्यापीठ परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे. याच संकुलाच्या खात्यातून सुमारे साडेएकवीस कोटी रुपये परस्पर वळविले गेल्याचे प्रकरण डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे विश्वचषकाच्या महिनाभर आधी उघडकीस आले. कंत्राटी तत्त्वावर नेमलेल्या, तेरा हजार रुपये मासिक वेतनाच्या एका कर्मचाऱ्याने क्रीडा कार्यालयाच्या नावाने बँकेला बनावट पत्र देऊन इंटरनेट बँकिंगची सोय सुरू करून घेतली आणि अवघ्या सहा महिन्यांत ही रक्कम काढली, असा आरोप आहे. आलिशान मोटारी आणि सदनिकांच्या बातम्यांनी पुढचे काही दिवस वर्तमानपत्रे भरली. न्यायालयात जे सिद्ध व्हायचे ते होईल. पण मोटारींच्या छायाचित्रांमागे एक साधी गोष्ट झाकली गेली: खेळाच्या सुविधांसाठी आलेले साडेएकवीस कोटी खात्यात पडून होते, आणि ते महिनोन्महिने कमी होत असताना कोणाच्या लक्षात आले नाही. जो निधी खर्च होण्याची वाट कोणी पाहत नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाला कळत नाही.

त्याआधीची जखम क्रीडा विद्यापीठाची. औरंगाबादजवळ करोडी येथे ते होणार, असे सांगितले गेले होते. जागेची पाहणीही झाली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा झाला तेव्हा ते पुण्याच्या बालेवाडीत गेले. सत्तेत कोणताही पक्ष असो, मराठवाड्याला जाहीर झालेल्या संस्था पुण्याच्या वाटेला लागतात, ही येथली जुनी तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे. मात्र संकुलाच्या खात्याकडे लक्ष ठेवण्यासाठी विद्यापीठ यावे लागत नाही. अनुशेषाच्या राजकारणाला येथे पळवाट म्हणून वापरणे योग्य होणार नाही.

खो-खोपुरती गरज तर फार मोठी नाही. खेळ मातीतून मॅटवर गेला, हा बदल पहिल्यांदाच ‘साहित्य’ विकत घेण्याची गरज घेऊन आला आहे. मॅटवर पकड वेगळी असते, वळण वेगळे बसते. सूर मारून अंगावर पडण्याची पद्धत वेगळी. लहानपणापासून ढेकळांत पळालेली मुलगी राज्य स्पर्धेत प्रथमच मॅटवर उतरते, तेव्हा तिचे गुडघे आणि घोटे त्याची किंमत मोजतात. जो खेळ गरिबाचा होता तो महाग होऊ लागला आहे, आणि हा वाढीव खर्च कोणी करायचा, याचा निर्णय झालेला नाही. शाळांना तो परवडत नाही. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचे पद निवृत्तीनंतर भरले जात नाही, अशी जेथे ओरड आहे, तेथे मॅट मागायची कोणाकडे? मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत प्रत्येकी एक मॅटचे मैदान आणि त्यावर एक कायमस्वरूपी प्रशिक्षक, एवढे जरी झाले तरी साडेएकवीस कोटींतील फार लहानसा भाग खर्ची पडला असता.

खेळाच्या जागतिक प्रसाराबद्दलही थोडे सबुरीने बोलावे हे बरे. विश्वचषकात तेवीस देश आले, हे संघटकांचे यश आहे. पण भारतीय महिलांनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरविले आणि बांगलादेशाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना १०९-१६ असा संपला. नेपाळ आणि काही प्रमाणात दक्षिण आफ्रिका वगळता झुंज देणारे कोणी नव्हते. २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद भारताला मिळाले तर समाविष्ट करण्यासाठी सुचविलेल्या खेळांत खो-खो आहे. परंतु ऑलिंपिक समिती देशांची संख्या मोजते तशी स्पर्धेची प्रतही पाहते. २०३६ पर्यंत ती प्रत आणायची तर प्रशिक्षक बाहेर पाठवावे लागतील. तेथे निवृत्तीच्या उंबरठ्यावरील मराठी खेळाडूंना काम मिळू शकते, आणि तो एक प्रामाणिक व्यवसाय ठरेल.

सारिका काळे यांच्या बाबतीत सरकारने एक गोष्ट नीट केली. त्यांना क्रीडा अधिकारी म्हणून नेमले आणि नेमणूक दिली ती त्यांच्याच जिल्ह्यात, तुळजापूरला. ज्या रस्त्याने त्या स्वतः सरावाला गेल्या, त्याच परिसरातल्या मुलींच्या शाळांना भेट देण्याचे काम त्यांच्याकडे आले. विश्वविजेत्या संघांतील खेळाडूंना दिलेल्या आश्वासनाप्रमाणे नोकऱ्या मिळतील, तेव्हा त्या मंत्रालयातील एखाद्या टेबलामागे मिळतात की केज, कळंब, पैठण, वैजापूरच्या मैदानांजवळ, हे नेमणुकीच्या आदेशावरील गावाच्या नावावरून कळेल.